स्पष्ट ऐकू आला

"निवृत्ती रामा खरमाटे, हाजिर हैऽऽ?"

गफूरभाईंच्या दुसऱ्या पुकाऱ्याला समोरच्या पिंपळावरचे दोन कावळे उडाले. गफूरभाई आमच्या मंडळाचे पट्टेवाले. त्यांनी सज्जात उभं राहून नाव पुकारलं, की ज्याचं नाव तो तर यायचाच. पण खालच्या रस्त्यानं जाणारा एखादा पापभीरू माणूसही टोपी सारखी करून वर डोकावून जायचा. निवृत्ती रामा खरमाटे त्यांच्यापासून दोन हातांवर, सज्जातल्या बाकावर बसला होता. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, इस्त्री केलेला खाकी सदरा. रस्त्यापलीकडे एकजण सायकलचं पंक्चर काढत होता, ते तो मन लावून बघत होता.

मी दारात हजेरीचं पुस्तक घेऊन उभा. सकाळीच त्यानं माझ्यासमोर सही केली होती, त्यामुळे माणूस हाच याबद्दल शंका नव्हती. पण नियम तीन पुकाऱ्यांचा. तिसऱ्यालाही कोणी उठलं नाही, तर अपील गैरहजेरीत निकाली. समोर बसलेला दिसतोय म्हणून त्याला हजर धरावं, अशी तरतूद नव्हती. हजर म्हणजे पुकाऱ्याला ओ देणारा.

तिसरा पुकारा झाला. मी पेन टेकवलं. 'गैर' एवढं लिहून झालं, तोच त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन जिन्यातून वर आली आणि तिनं कोपरानं त्याच्या बरगडीत ढोसलं. तो ताडकन उठला, टाचा जुळवल्या आणि खड्या आवाजात म्हणाला, "हजर, साब."

तोंड पंक्चरवाल्याकडे होतं.

मी 'गैर' खोडलं, पुढं 'हजर' लिहिलं आणि खाडाखोडीवर आद्याक्षरं घातली.

ही त्र्याहत्तर सालची गोष्ट. प्रादेशिक सेना म्हणून एक प्रकार असतो. त्यातला जवान वर्षाचे एक-दोन महिने कवायत करतो आणि उरलेलं वर्ष आपापल्या नोकरीधंद्यात असतो. लढाई लागली की त्याला बोलावणं येतं, संपली की घरी पाठवतात. घरी आलेल्याला मालकानं मूळच्या कामावर परत घ्यायचं, असा कायदा आहे. लढाई चालू होती तोवर तो सगळ्या मालकांना मान्य होता. कारखान्यांच्या फाटकांवर 'जवानहो, आम्ही तुमच्या पाठीशी' अशा पाट्या लागल्या होत्या. एकाहत्तरची लढाई दोन आठवड्यांत संपली. पाट्यांचा रंग उडायला त्याहून थोडा जास्त वेळ लागला.

मालकाची काही अडचण असेल तर त्याला सूट मागता येई आणि एक अधिकारी ती देई. ज्या जवानाला ते पटलं नाही त्याच्यासाठी आमचं अपील मंडळ. अध्यक्ष अग्निहोत्री साहेब, निवृत्त जिल्हा न्यायाधीश. त्यांच्या मिशा एवढ्या भरघोस होत्या, की ते बोलताहेत की नुसते श्वास घेताहेत हे कळायला सवय लागे. मालकांच्या बाजूनं मेहताशेठ, त्यांची सूतगिरणी होती. फौजेच्या बाजूनं मेजर घोरपडे. ते सकाळी जवानांची बाजू फार तळमळीनं घेत आणि जेवणानंतर झोपत. चौथा मी, पोतनीस, मंडळाचा कारकून. जागा म्हणजे जुन्या जकात नाक्याची माडी. खाली भुसार मालाचं गोदाम, वर लाकडी फळ्यांच्या जमिनीवर न्याय.

खरमाटे आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या वसुंधरा ऑइल इंजिन कारखान्यात टेस्टर होता. तयार झालेलं इंजिन चालू करायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानावर लावायची आणि आत काय कुरकुरतंय ते सांगायचं, हे त्याचं काम. नऊ वर्षांत त्यानं पास केलेलं एकही इंजिन विहिरीवरून परत आलं नव्हतं. लढाईवरून तो परत आला, तेव्हा मात्र त्याच्या जागेवर मालकांचा मेव्हणा इंजिनं ऐकत होता. कारखान्यानं 'जागा शिल्लक नाही' म्हणून सूट मागितली आणि ती मिळाली. दीड वर्ष हा बाबा खेडोपाडी विहिरींवर फुटकळ दुरुस्त्या करत फिरत होता. घरात तीन पोरं. आता हे शेवटचं अपील. हे गेलं तर पुढं उच्च न्यायालय, म्हणजे त्याच्या दृष्टीनं चंद्र.

सकाळचं कामकाज त्याच्या बाजूनं गेलं. अग्निहोत्री साहेबांनी सुरुवातीलाच विनोद केला, की नाव निवृत्ती आणि मागतोय नोकरी. साहेब स्वतः निवृत्त होऊन नोकरी करत होते, पण ते आपल्या लक्षात आलं नाही असा चेहरा मी ठेवला. कारखान्याचे कामगार अधिकारी बोडस जागा नसल्याचं सांगू लागले. मेव्हण्यानं पास केलेली किती इंजिनं परत आली, असं मेजरांनी विचारल्यावर ते कागद चाळायला लागले. मेहताशेठसुद्धा हसले. मेव्हणा त्यांनाही होता.

एवढंच, की खरमाटे अधूनमधून उत्तराआधी बायकोकडे बघायचा. बोडसांनी किंवा मेजरांनी विचारलं तर उत्तर पटकन यायचं. साहेबांनी विचारलं की हौसाबाई पदर सावरत, तोंड मोठं करून म्हणायची, "सायेब इचारत्यात, सुटून कवा आलासा." मग उत्तर. साहेबांना वाटलं, खेड्यातला बुजरा गडी आहे. बोडसांना काय वाटलं ते त्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोटात ठेवलं.

सुट्टीत मी सज्जाच्या टोकाला डबा खात होतो. ती दोघं भाकरी सोडून बसली होती. मी हौसाबाईला खुणेनं बोलावलं आणि विचारलं, की याला ऐकू येत नाही ना?

ती आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली, मग रडली. पंजाबच्या हद्दीवर भर दुपारी याच्या खंदकाशेजारी तोफेचा गोळा पडला. दोन्ही कानांतून रक्त आलं. कापूस घातला, चार दिवसांनी थांबलं. सुटताना डॉक्टरनं विचारलं, काही त्रास? तक्रार सांगितली तर इस्पितळात ठेवतात, घरी सोडायला महिने लावतात, असं कोणीतरी सांगितलेलं. यानं डॉक्टरच्या ओठांकडे बघून 'नो सर' म्हटलं आणि कागदावर 'फिट' लिहून घेतलं. आता समोरच्याच्या ओठांवरून तो बोलणं ओळखायचा. साहेबांच्या मिशांपुढे मात्र इलाज नव्हता.

"मग इंजिनाचं काम कसं करणार?" मी म्हटलं.

खरमाटे माझ्या तोंडाकडेच बघत होता. त्यानं खिशातून एक वीतभर स्क्रूड्रायव्हर काढला. मूठ दातांत धरली, माझं मनगट हातात घेतलं आणि टोक माझ्या घड्याळाच्या काचेला अलगद टेकवलं. डोळे मिटले. दारूगोळ्यानं उडवलेला माणूस माझं घड्याळ चावतोय असं ते दृश्य होतं.

"भाऊसाहेब," डोळे उघडून तो म्हणाला, "तुमचं घड्याळ लंगडतंय."

माझं घड्याळ दिवसाला सात मिनिटं मागं पडायचं. ही गोष्ट मला आणि माझ्या बायकोलाच ठाऊक होती, आणि ती सात मिनिटं मी कुठं घालवतो यावर आमचे मतभेद होते.

"कानाचं दार बंद झालंय," तो म्हणाला, "पर भिंतीतनं समदं ऐकू येतंय. दात, हाड. आधी कानानं ऐकत हुतो, आता दातानं. विंजनाला काय फरक पडत न्हाई."

मी म्हटलं, हेच आत करून दाखव. त्यानं मान हलवली. म्हणाला, कान गेलेला टेस्टर म्हणजे आंधळा शिंपी. दाखवायला गेलो तर हसतील आणि हसून झाल्यावर नाही म्हणतील. त्याचं बरोबर होतं. मेहताशेठ इंजिनाला काही विचारणार नव्हते.

"भाऊसाहेब, तेवढं भाईर काढू नगा," हौसाबाई म्हणाली.

मी म्हटलं, कारकून काही बाहेर काढत नाही, फायलीत घालतो. तिला ते वचन वाटलं. मला काय वाटलं ते आठवत नाही.

जेवणानंतर बोडस उठले आणि त्यांनी पोटातलं बाहेर काढलं. अर्जदार ठार बहिरा आहे. सकाळी पुकारा झाला तेव्हा ते स्वतः सज्जात होते. बहिरा माणूस टेस्टर म्हणून घ्या, असं मंडळ म्हणत असेल तर उद्या आंधळा ड्रायव्हर घ्या म्हणेल. त्यांचा आवाज अतिशय सौम्य होता. बोडस वाईट माणूस नव्हते. ते फक्त पगाराला जागत होते, आणि पगार मेव्हण्याचे दाजी द्यायचे.

आता खरं तर सरकारी डॉक्टरचा दाखला मागवायचा. पण सिव्हिल सर्जनकडे तारीख मिळायला तीन महिने, आणि आमच्या मंडळाची मुदत महिनाअखेर संपत होती. अग्निहोत्री साहेब मिशीत काहीतरी म्हणाले. सवयीनं मला ते कळलं. मंडळ समक्ष परीक्षा घेईल.

हौसाबाईला सज्जात पाठवलं. खरमाट्याला पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून उभं केलं. त्यानं बूट दाराबाहेर काढले होते. जवानानं कचेरीत बूट काढायची गरज नाही, असं मेजर सकाळी म्हणाले होते. पण बूट जवानानं काढले नव्हते, खेड्यातल्या माणसानं काढले होते. पुकारा गफूरभाईंनी करावा असं ठरत होतं, त्याला बोडसांनी हरकत घेतली. त्या पुकाऱ्यानं कानाची परीक्षा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. साहेबांना पटलं.

"पोतनीस," ते म्हणाले, "तुमचा आवाज माणसात आहे. तुम्ही जा मागं."

मी दाराशी गेलो. मध्ये सात-आठ पावलांचं अंतर. मी नाव घेतलं, बोलताना घेतो तसं. खरमाटे खिडकीबाहेर बघत राहिला. त्याची मानगूट मला दिसत होती. नवे कापलेले केस, खाली उन्हानं काळी पडलेली कातडी. ती मानगूट ऐकायचा प्रयत्न करत होती. मी अजून तशी मानगूट पाहिलेली नाही.

दारातली फळी दोन्ही टोकांना खिळे सोडून बसलेली होती. कोणी आत आलं की तिच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, पाण्याची घागर डुचमळायची. गफूरभाईंनी ती मध्यंतरी कोपऱ्यात हलवली होती. तिच्या जागी आता खरमाटे उभा होता. त्याला तिथं मी उभं केलं नव्हतं. साहेबांनीच बोट दाखवलं होतं, एवढं नोंदवून ठेवतो.

दुसऱ्यांदा नाव घेताना मी पाय बदलला. म्हणजे उजव्या पायावरचा भार डाव्या टाचेवर टाकला. जरा जोरात. उभं राहून माणूस अवघडतो.

"हजर, साब," खरमाटे म्हणाला आणि गर्रकन वळला.

मेजर जागे झाले आणि शाब्बास म्हणाले. मेहताशेठनी पुढं वाकून विचारलं, "पोतनीस, ते फळी वाजली काय?"

"इमारत जकातीच्या काळातली आहे, शेठ," मी म्हटलं. "बसल्या बसल्या वाजते."

"मला नाही काही आवाज आला," अग्निहोत्री साहेब म्हणाले. त्यांना उजव्या कानानं कमीच येत असे, पण अध्यक्षांची परीक्षा घ्यायची तरतूद नव्हती.

शेठच्या समाधानासाठी पुन्हा एकदा झालं. पुन्हा एकदा मी अवघडलो.

साहेबांनी निकाल सांगायला सुरुवात केली आणि मी लिहून घ्यायला. त्यांचं वाक्य असं होतं: 'अर्जदारास पुकारा ऐकू आल्याचे मंडळाने समक्ष पाहिले.' संध्याकाळी टाइप करायला बसलो, तेव्हा मला ते वाक्य लंगडं वाटलं. ऐकू आला म्हणजे किती आला? बोडसांचा वकील हुशार होता. ऐकू आला पण अर्धवट, ऐकू आला पण अंदाजानं, अशी फट धरून तो वर गेला असता आणि या गरिबाची नोकरी पुन्हा चार वर्षं लोंबकळली असती. मी फट बुजवली. 'अर्जदारास पुकारा स्पष्ट ऐकू आल्याचे मंडळाने समक्ष पाहिले.' दुसऱ्या दिवशी तिघांनी सह्या केल्या. वाचून सही करायची त्यांची पद्धत नव्हती आणि ती त्यांनी बदलावी असं मला कधी वाटलं नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी लाखो शब्द लिहिले. त्यांतला हा एकच माझा स्वतःचा.

खरमाट्याला नोकरी मिळाली. फळीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. बूट घालताना फक्त एकदा फळीकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. पंधरा दिवसांनी येऊन माझं घड्याळ घेऊन गेला आणि दुरुस्त करून आणून दिलं. माझी सात मिनिटं गेली.

मंडळ बरखास्त झालं. मला कलेक्टर कचेरीत पुरवठा शाखेत टाकलं. पाच वर्षं गेली. अग्निहोत्री साहेब मधल्या काळात हृदयविकारानं वारले. पेपरात त्यांचा फोटो आला होता, त्यातही मिशाच दिसत होत्या. माझं नाव शिरस्तेदाराच्या बढतीच्या यादीत पहिलं लागलं होतं. पुढच्या महिन्यात हुकूम निघायचा होता.

एका दुपारी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. मी आधी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, दोन्ही कानांत कापसाचे बोळे, आणि त्या कापसाचा वास टेबलापलीकडून येत होता. हातात पोरांची दगडी पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा. ओठ वाचणंही आता जमेनासं झालं होतं. नजर कमी झाल्यानं, की मन लागेना म्हणून, कोण जाणे.

"भाऊसाहेब, वळखलं काय?" तो म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. सगळ्या शाखेनं माना वर केल्या.

त्यानं जे सांगितलं ते सबंध पुरवठा शाखेला ऐकू गेलं. कान फुटले होते ते वाहायला लागले. पू हाडापर्यंत गेला. दोन वर्षांपूर्वी दातानं ऐकणंही बंद झालं. भिंतच पडली, असं तो म्हणाला. कारखान्यानं नियमाप्रमाणे सगळं देऊन घरी पाठवलं. हौसाबाई लोकांच्या शेतात भांगलायला जाते. पुण्याच्या एका डॉक्टरनं तपासून सांगितलं, की उजवा कान गेला. डावा वर्षाच्या आत ऑपरेशन केलं तर वाचेल. नाही केलं तर पू आत मेंदूकडे सरकतो. हे ऑपरेशन फौजेच्या इस्पितळात होतं. लढाईत कान गेल्याचं फौजेनं मान्य केलं, तर फुकट.

फौजेनं मान्य केलं नव्हतं. ते इंग्रजी पत्र त्यानं माझ्यासमोर ठेवलं. त्याला अर्थ कोणीतरी सांगितला होता, पण नीट माझ्याकडून हवा होता. मी वाचलं. हा इसम सुटताना फिट होता, असं त्यात होतं. त्यानंतर दीड वर्षानं एका न्यायिक मंडळानं त्याची समक्ष परीक्षा घेतली आणि त्याला पुकारा स्पष्ट ऐकू आल्याचं निकालात नमूद आहे. लढाईत कान अधू झाला असता, तर काही ऐकू आलं तरी स्पष्ट आलं नसतं. सबब बहिरेपणाचा लढाईशी संबंध नाही. तर्कात चूक काढायला जागा नव्हती. सोबत निकालाची प्रत जोडली होती. ती कारखान्यानं दिली होती, आणि तिच्यावर 'खरी नक्कल' म्हणून माझी सही होती.

स्पष्ट या शब्दाखाली कोणीतरी तांबडी रेघ मारली होती.

"म्या पुन्याला त्यांच्या हापिसात ग्येलो हुतो," खरमाटे म्हणाला. "थितला हेडक्लार्क भला मानूस. त्यानं लिवून सांगितलं, समदं या एका शबुदावर अडलंय. ह्यो शबुद जज्जसायबाचा असंल तर त्येच बदलू शकत्यात. पर टायपाची चूक आसली, तर शुद्धिपत्रक म्हून काय तरी असतंय. लिवनारानं एक कागद द्यायचा, की ह्यो शबुद चुकून पडला. मग पुन्यांदा तपासनी हुती."

शुद्धिपत्रक. मी त्या वर्षी सव्वीस शुद्धिपत्रकं काढली होती. 'रॉकेल'च्या जागी 'रॉकले' पडलं म्हणून एक काढलं होतं.

तो टेबलावर वाकला. त्याच्या समजुतीनं त्यानं आवाज खाली आणला होता.

"फळीचं म्या कुनाला बोललो न्हाई, भाऊसाहेब. हौशीला बी न्हाई. ते न्हाई काढायचं. तुमच्या नोकरीवर येईल. निस्ता शबुद कुनाचा, तेवढं सांगा."

शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णीबाई माझ्याकडे बघत होत्या. मागे बसलेल्या अवघड्यांनी फळी कसली म्हणून विचारलं. मी म्हटलं, लाकूडफाट्याच्या परवान्याचं काहीतरी आहे. अवघड्यांना ते पटलं. पुरवठा शाखेत फळीचा दुसरा अर्थ नव्हता.

शुद्धिपत्रक दिलं, की पहिला प्रश्न येणार: साहेबांनी सांगितलेला शब्द नाही, तर तुम्ही कसा घातला? दुसरा प्रश्न: का घातला? तिसरा प्रश्न मेहताशेठ विचारणार होते. ते अजून हयात होते आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली होती. चौकशी लागली की यादीतलं नाव खाली जातं. नोकरी गेली नसती बहुतेक. हुकूम मात्र नक्की गेला असता. मुलीचं लग्न ठरत होतं, तेही शिरस्तेदाराची मुलगी म्हणून. हा सगळा विचार मी किती वेळ केला, ते माझ्या घड्याळावर बघितलं असतं तर बिनचूक सांगता आलं असतं.

मी मान खाली घातली. समोरच्या पत्राकडे बघत, ओठ फार न हलवता, पण आवाज काढून मी म्हणालो, "माझा."

"ऑं?" तो म्हणाला. "लिवा की." आणि पाटी पुढं सरकवली.

कुलकर्णीबाईंनी ऐकलं असावं. त्यांनी मान खाली घालून आपला तक्ता भरायला घेतला.

मी पेन्सिल उचलली. पाटीवर एका कोपऱ्यात पोरानं काढलेला पाढा अर्धवट पुसलेला होता. मी मधोमध, ठळक, वळणदार अक्षरात लिहिलं: 'साहेबांचा. ते वारले.' अनुस्वार दिला आहे ना, ते सवयीनं तपासलं.

त्यानं पाटी डोळ्यांजवळ नेली. एकेका अक्षरावर बोट फिरवत वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग बाहीनं पुसून पाटी पिशवीत घातली.

"जज्ज मानूस," तो म्हणाला. "त्यांस्नी वाटलं आसंल, मला ऐकू आलं. त्यांचा काय दोष."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे त्याला कळण्यासारखं नव्हतं.

"तुमचं उपकार हायती," तो म्हणाला. "तुमच्यामुळं तीन वर्सं पोरांच्या पोटाला मिळालं. ते म्या इसरनार न्हाई."

त्यानं पत्राची घडी घातली, टाचा जुळवून मला सलाम केला आणि निघाला. पुरवठा शाखा दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्यानं त्या दिवशी हमाल रेकॉर्डची लोखंडी कपाटं खाली उतरवत होते. तो दाराबाहेर गेला आणि लगेच जिन्यातून ओरडणं ऐकू आलं. ओ पाव्हणं, बाजूला व्हा. मग आणखी मोठ्यानं. मग दोघंतिघं एकदम ओरडले. अवघडे खुर्चीवरून उठून बघायला धावले.

माझ्यापुढं साखरेच्या कोट्याची फाइल होती. मी ती उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो.